वीस ऑक्टोबरची मेल येत नाही

आमच्या कंपनीच्या एचआरकडं एक निराळंच पंचांग आहे. त्यात तिथी नाही, राहुकाळ नाही, नुसते दिन आहेत. मार्चात विषुवदिनाच्या आधीच्या शुक्रवारी जागतिक निद्रा दिन, २० मार्चला आनंद दिन, २८ एप्रिलला कामाच्या ठिकाणची सुरक्षितता आणि आरोग्य, १८ सप्टेंबरला समान वेतन, १० ऑक्टोबरला मानसिक आरोग्य, १६ ऑक्टोबरला पाठीचा कणा. प्रत्येकाची मेल येते. वर एक हसरं चित्र, खाली पाच टिपा, तळाशी ‘तुमचा अनुभव शेअर करा’ म्हणून एक लिंक. ती लिंक उघडणारा माणूस मला अजून भेटायचाय. निद्रा दिनाचं वेबिनार एकदा रात्री साडेनऊला ठेवलं होतं, कारण बोलणारे डॉक्टर अमेरिकेत होते आणि त्यांची तेव्हा सकाळ होती. आम्ही सगळे कॅमेरे बंद करून, दुसऱ्या खिडकीत कामं उरकत, रात्री स्क्रीनपासून लांब कसं राहावं ते ऐकत बसलो.

या दिवसांची थट्टा करायला फार अक्कल लागत नाही, आणि मी ती भरपूर केलेली आहे. पण सगळेच दिवस काही पोस्टर बनवणाऱ्यांच्या डोक्यातून निघालेले नाहीत. १ मेचंच बघा. १८८६ साली त्या तारखेला अमेरिकेत कामगारांनी आठ तासांच्या दिवसासाठी संप केला. ४ मेला शिकागोच्या हेमार्केट चौकात सभा चालू असताना बॉम्ब फुटला, पोलिसांनी गोळ्या झाडल्या, आणि पुढच्या वर्षी चार कामगार पुढाऱ्यांना फाशी दिलं. १८८९ साली पॅरिसला जमलेल्या समाजवाद्यांनी १ मे जगभर पाळायचं ठरवलं. आपल्या देशात तो पहिल्यांदा पाळला गेला १९२३ साली मद्रासला, सिंगारवेलूंच्या पुढाकारानं. आणि महाराष्ट्रात? १९६० साली त्याच तारखेला राज्य झालं. त्यामुळं सकाळी झेंडावंदन, शाळेचा निकाल, दुपारी आमरस, आणि कामगार कुठंतरी मागच्या रांगेत उभा.

आठ तासांची गोष्ट मला जवळची वाटते, कारण ती अजून संपलेली नाही. १९१९ साली आंतरराष्ट्रीय कामगार संघटना स्थापन झाली आणि तिनं जो पहिलावहिला करार केला तो कामाच्या तासांचाच: दिवसाला आठ, आठवड्याला अठ्ठेचाळीस. पण त्यातच एक कलम असं, की ब्रिटिश हिंदुस्थानात आठवड्याला साठ तास चालतील. म्हणजे जगाच्या मापानं आपला माणूस बारा तास जास्त टिकाऊ! भारतानं १९२१ साली या करारावर शिक्कामोर्तबही केलं. हे वाचलं तेव्हा मला आमच्या टीम लीडचं वाक्य आठवलं, ‘इंडिया टीम इज फ्लेक्सिबल’. शंभर वर्षांत शब्द तेवढे गोड झाले.

त्याच्याही आधी आपल्याकडं नारायण मेघाजी लोखंडे होऊन गेले. १८८४ साली त्यांनी मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि सहा वर्षं भांडून १० जून १८९० रोजी गिरणीमालकांकडून आठवड्याची सुट्टी मिळवली. आपण रविवारी अकरापर्यंत लोळतो त्याचं श्रेय या माणसाला. एचआरच्या पंचांगात १० जून नाही. असता तर त्याच्याही पाच टिपा आल्या असत्या, हेही खरं.

सोलापुरात तासांचा हिशेब भोंग्यावर चालायचा. जुनी मिल १८७७ ची. मग नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू. माझे आजोबा जुन्या मिलमध्ये विणाई खात्यात होते. आई सांगते, घरात घड्याळ होतं पण ते शोभेचं, आजी डाळ टाकायची ती भोंगा ऐकून. भोंगा झाला की माणसं आत जायची आणि भोंगा झाला की बाहेर पडायची, आणि बाहेर पडलेल्या माणसाला मुकादम रस्त्यावर गाठून ‘जरा पाच मिनिटं एक ताना बघून जा’ असं म्हणू शकत नसे. गिरण्यांचं गुणगान करायचा माझा हेतू नाही. आत उकाडा, कापसाची भुरभुर, पाळ्यांचे हाल, सगळं होतं. पण संपलं हे सांगणारा आवाज होता आणि तो मालकाच्याच खर्चानं वाजायचा.

माझी शिफ्ट कागदावर दुपारी एक ते रात्री दहा. अमेरिकेतल्या आरोग्यविम्याचे दावे तपासायचे, खर्चाच्या ओळी कोडशी जुळतात का बघायचं, नाही जुळल्या तर शेरा मारून परत पाठवायचं. रात्री दहाला काही वाजत नाही. उलट तिकडं तेव्हा दुपार होते आणि खरे मेसेज यायला लागतात. फ्रान्सनं २०१७ पासून कामाच्या वेळेनंतर फोन-मेलपासून सुटका मागायचा हक्क कायद्यात आणला, ऑस्ट्रेलियानं २०२४ च्या ऑगस्टात. आपल्याकडं सुप्रिया सुळेंनी २०१८ च्या डिसेंबरात लोकसभेत तसं खासगी विधेयक मांडलं होतं. खासगी विधेयकांचं पुढं काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे.

१७ मे हा जागतिक दूरसंचार दिन. १८६५ साली त्या तारखेला पॅरिसमध्ये देशांनी तारायंत्राचा पहिला आंतरराष्ट्रीय करार केला, त्याची आठवण. या तारेनंच आज मला सोलापुरात बसून परदेशातल्या कुणाच्यातरी गुडघ्याच्या ऑपरेशनचं बिल बघता येतं, हे मी नाकारत नाही. आणि योगायोग असा, की २०२१ साली नेमक्या १७ मेलाच जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं मिळून एक अभ्यास प्रसिद्ध केला: २०१६ या एका वर्षात जास्त तास काम केल्यामुळं पक्षाघात आणि हृदयविकारानं जगात ७ लाख ४५ हजार माणसं गेली. आठवड्याला ५५ किंवा जास्त तास काम करणाऱ्याला पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी अधिक. तो आमच्या मेलमध्ये आला नाही. आला तो ‘कनेक्टेड वर्ल्ड’चा शुभेच्छासंदेश.

मी पुण्याहून परत आले ती २०२० च्या लॉकडाऊनमध्ये. माझ्यासारखे कितीतरी. वर्षानुवर्षं हुतात्मा एक्सप्रेसनं पहाटे पोरं पुण्याला नेऊन सोडली होती, ती एका उन्हाळ्यात लॅपटॉपसकट घरी येऊन पडली. जुळे सोलापूरच्या फ्लॅटमध्ये, होटगी रोडच्या बंगल्यांत, आणि आमच्यासारख्यांच्या अशोक चौकाकडच्या दोन खोल्यांच्या घरांत. घरून काम म्हणजे समुद्रकिनारा, शहाळं आणि मांडीवर लॅपटॉप अशी चित्रं अजून येतात त्या मेलमध्ये. आमच्याकडं एप्रिलात पारा चाळिशी ओलांडतो, कूलरचा आवाज कॉलवर जातो म्हणून कूलर बंद करायचा, आणि घाम पुसत ‘हॅलो, कॅन यू हिअर मी’ म्हणायचं. त्यात पाणी. उजनी भरलेली असो की रिकामी, आमच्या नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येणार, आणि ते मीटिंग बघून येत नाही. पाणी आलं की गल्लीत हाकाटी होते, मोटारी सुरू होतात, आणि घरात जो असेल त्यानं भरायचं. घरात मीच असते.

‘तू घरीच आहेस ना?’ हे वाक्य मी इतक्या तोंडून ऐकलंय, की आता ते विचारणं आहे की हुकूम आहे याचा विचार सोडून दिलाय. गॅसवाला येणार आहे, तू घरीच आहेस ना. मामींना दवाखान्यात न्यायचंय, तू घरीच आहेस ना. गंमत म्हणजे हे वाक्य समोरच्या घरातही रोज ऐकू येतं, आणि तिथं ते माझ्या जन्माच्या आधीपासून चालू आहे.

समोर अक्का राहतात. मूळचं तेलंगणातलं पद्मशाली, म्हणजे विणकर, कुटुंब. सासरे हातमागावर, नवरा यंत्रमागावर, अक्का विडीवर. सोलापूरच्या पूर्व भागात ही कुंडली घरोघरी सापडेल. मी परत आले तेव्हा दोनेक आठवडे अक्कांनी मला दिवसाढवळ्या घरात बघितलं आणि शेवटी न राहवून विचारलं, ‘‘नोकरी गेली का गं पोरी?’’

‘‘नाही ओ अक्का. घरून काम करायला सांगितलंय.’’

‘‘म्हंजे आमच्यासारखं,’’ अक्का म्हणाल्या आणि पुढच्या पानाला लागल्या.

टीव्हीवर त्या दिवसांत कामाच्या नव्या युगाची चर्चा चाललेली होती.

त्यांचं काम मी तोवर हजार वेळा बघितलं होतं, म्हणजे बघितलंच नव्हतं. त्या उंबऱ्यापाशी बसतात, उजेड तिथं असतो म्हणून. भिजवून ओल्या फडक्यात बांधून ठेवलेली तेंदूची पानं सकाळपर्यंत मऊ झालेली असतात. पत्र्याचा लहानसा चौकोनी तुकडा पानावर ठेवायचा, त्याच्या कडेनं कात्री फिरवायची, जाड शीर टाळायची. मांडीवर सूप; सुपात एका अंगाला कापलेली पानं, दुसऱ्या अंगाला तंबाखू. चिमटीनं तंबाखू पसरला की पान कसं वळलं ते डोळ्याला दिसतच नाही, दिसतात ते दोऱ्याचे वेढे आणि तोंड दुमडणारं अंगठ्याचं नख. त्या नखाची कड झिजून सरळ झालीय, कापल्यासारखी. बोलताना अक्का माझ्याकडं बघतात, हात आपले आपले चाललेले असतात. पंचवीस झाल्या की जुडी. तंबाखूची बारीक धूळ सुपाच्या काठावर, पदरावर, भिंतीच्या बुडाशी साठते. नवा माणूस त्या खोलीत शिंकल्याशिवाय राहत नाही. मजुरी हजारावर. मिळालेल्या पानांत तेवढी विडी निघालीच पाहिजे. पानं फाटकी निघाली तर कमी पडणारी पानं बाईनं आपल्या पैशानं आणायची, असाही रिवाज आहे.

मग मी अक्कांच्या आणि माझ्या कामाची तुलना करायला लागले. म्हणजे करायला नको होती, पण डोक्यात सुरू झाली. त्यांना हजाराचं माप, मला दिवसाला अमुक दावे. त्यांच्याकडं कारखान्यात चेकर, माझ्याकडं क्वालिटी ऑडिट. चेकर जुडी हातात घेतो, दाबतो, बारीक-जाड विड्या ‘छाट’ म्हणून बाजूला टाकतो. माझ्या दाव्यांतले काही ऑडिटवाला लाल करतो. दोघींचीही जागा आपली, दिवा आपला, पाणी आपलं, खुर्ची असेल तर ती आपली. मालकाला छप्पर लागत नाही. करोनात मोठमोठ्या कंपन्यांना ऑफिसचं भाडं वाचल्याचा साक्षात्कार झाला. विडी कारखानदारांना तो होऊन कित्येक पिढ्या झाल्या होत्या.

आणि मग मला २० ऑक्टोबर सापडला. २००० साली ऑक्टोबरात दक्षिण आशियातल्या देशांची माणसं काठमांडूत जमली आणि घरी बसून मजुरी करणाऱ्या बायांसाठी एक जाहीरनामा काढला. तेव्हापासून त्यांच्या संघटना २० ऑक्टोबर हा घरबसल्या काम करणाऱ्यांचा दिवस म्हणून पाळतात. संयुक्त राष्ट्रांच्या शिक्क्याचा हा दिवस नव्हे, त्यामुळं तयार पोस्टर मिळत नाही. याच्या मागं आणखी एक धागा आहे तो अहमदाबादचा. इला भट्टांनी १९७२ मध्ये ‘सेवा’ ही कष्टकरी बायांची संघटना उभी केली, आणि गोधड्या शिवणाऱ्या, उदबत्त्या वळणाऱ्या, विड्या करणाऱ्या बाया ‘कामगार’च आहेत हे त्या जिनिव्हापर्यंत जाऊन सांगत राहिल्या. त्यातून १९९६ च्या जूनमध्ये तिथल्या आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १७७ क्रमांकाचा करार झाला: घरबसल्या काम करणाऱ्याला इतर कामगारांइतकीच वागणूक. करार करणाऱ्या देशांची यादी अगदीच आखूड आहे, आणि तिच्यात भारत नाही.

त्या करारातली व्याख्या मी जिज्ञासेनं वाचली. आपल्या घरी, मोबदला घेऊन, मालक सांगेल ती वस्तू किंवा सेवा तयार करून देणारा माणूस. साधनसामग्री कुणाची का असेना. कधीमधी घरी काम नेणारा यात धरलेला नाही, नेहमी करणारा धरलाय. म्हणजे अक्का आल्या आणि मीही आले. शिवाय करारासोबत १८४ क्रमांकाची एक शिफारस आहे, आणि ती लिहिणाऱ्यानं नक्की कुणाच्यातरी घरात बसून लिहिली असावी. तीत म्हटलंय की कामापायी होणारा वीज, पाणी, दळणवळण आणि यंत्रदुरुस्ती यांचा खर्च घरबसल्या काम करणाऱ्याला भरून द्यावा. सामान सोडणं, निवडणं, बांधणं यात जो वेळ जातो त्याचेही पैसे द्यावेत. आणि कामाची मुदत अशी नसावी की माणसाची रोजची आणि आठवड्याची विश्रांती बुडेल. १९९६ साली सोलापुरात इंटरनेट म्हणजे काय हे सांगायला माणूस शोधावा लागला असता. पण पानं भिजवायचं पाणी आणि माझ्या राउटरचं बिल, दोन्ही त्या एका वाक्यात आधीच येऊन बसली होती.

२०२१ च्या जानेवारीत कामगार संघटनेनं घरून काम करणाऱ्यांवर अख्खा अहवालच काढला. करोनाच्या आधी, २०१९ साली, जगात अशी सुमारे २६ कोटी माणसं होती, त्यातल्या ५६ टक्के बाया. घरी वस्तू बनवणारे, संगणकावर लांबून नोकरी करणारे, आणि ऑनलाइन तुकड्या-तुकड्यांनी कामं घेणारे, असे तिन्ही लोक त्यांनी एका अहवालात बांधलेत. आमच्या मेलमध्ये फक्त मधले दिसतात.

आता थोडं हाताबद्दल. फेब्रुवारीच्या शेवटच्या दिवशी एक दिवस असतो, तेच तेच काम करून मनगट, बोटं, खांदा निकामी होतो त्या दुखण्याचा. मूळ तारीख २९ फेब्रुवारी, कारण वर्षाच्या कॅलेंडरात पुन्हापुन्हा न येणारा तेवढा एकच दिवस. हा विनोद ज्याला सुचला त्याला माझा नमस्कार. लीप वर्ष नसेल तेव्हा २८ ला भागवतात. त्या दिवशी आम्हाला मनगटाच्या व्यायामाचा व्हिडिओ आला होता. मी तो अक्कांकडं नेला. त्यांनी सगळा बघितला, मग उजवा अंगठा पुढं केला. तळाशी सांधा सुजून गोटीएवढा झालेला. ‘‘ह्याला असं गोल-गोल फिरवलं की ठणकतंय. हालवलं नाही तर चालतंय.’’ पण हलवलं नाही तर विडी होत नाही. माझ्या मनगटाला कंपनीच्या विम्यात फिजिओथेरपी बसते. अक्कांच्या अंगठ्याला बाम बसतो.

म्हणून ‘आपण सगळे एकाच नावेत’ असलं काही मला म्हणायचं नाही. मला महिन्याच्या शेवटी पगार येतो, आजारी पडले तरी येतो. ऑडिटमध्ये दावा लाल झाला तर माझा गुण जातो. विडी छाटात गेली तर अक्कांचे पैसे जातात आणि विडीही जाते. छाटलेल्या विड्या बाईला परत मिळत नाहीत, ही विडी कामगारांची फार जुनी तक्रार आहे. मला सुट्टी म्हणजे सुट्टी. मी अक्कांना २० ऑक्टोबरबद्दल सांगितलं तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो हाच, की त्या दिवशी कारखाना बंद ठेवतात काय? नाही म्हटल्यावर त्यांना बरं वाटलं. कारखाना बंद म्हणजे पान नाही.

आणि ३१ मे? तो तंबाखूविरोधी दिन. सोलापुरातल्या विडी वळणाऱ्या बाईसाठी त्या दिवसाइतका अवघड दिवस दुसरा नसेल. जागतिक आरोग्य संघटना म्हणते तंबाखू वाईट, आणि ते खरंच आहे. विडी ओढणाऱ्याच्या छातीला आहे आणि वळणाऱ्याच्या छातीलाही आहे. त्याच संघटनेच्या तंबाखू कराराचं सतरावं कलम सांगतं की तंबाखूवर पोट असणाऱ्यांना दुसरी परवडणारी कामं मिळवून द्या. भारत २००४ पासून त्या करारात आहे. पाकिटावरचं चित्र मोठं झालं, ते दिसतं. सतरावं कलम पूर्व भागात अजून कुणाच्या दारात आलेलं मी बघितलं नाही. अक्कांची सून युनिफॉर्म शिवायच्या कामाला जाते. ती शोधाशोध तिची तिनं केली, कलमानं नव्हे.

पण एका बाबतीत अक्का माझ्या पुढं आहेत, आणि हे समजायला मला बराच काळ गेला. अक्का घरी काम करतात, पण माल द्यायला कारखान्याच्या ब्रँचवर जातात. सकाळी टोपली काखेत मारून बाया निघतात, तिथं रांग लागते. मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू, सगळ्यांची एकच मिसळ. त्या रांगेत काय काय कळतं! कुठल्या ब्रँचला पान बरं आलंय, कोणता चेकर आज बायकोशी भांडून आलाय, फंडाचे कागद कुणाचे अडलेत, कुणाच्या कार्डावर मुलीचं नाव चढवायचंय, बोनस कधी. दर किती हे तर लपून राहूच शकत नाही, कारण पुढचीचे पैसे मोजताना मागची बघत असते. एका बाईची जास्त छाट निघाली की मागच्या चौघी मिळून तोंड उघडतात.

या रांगेतूनच लाल बावटा, म्हणजे विडी कामगारांची डावी संघटना, उभा राहिला. १९६६ च्या विडी कामगार कायद्यानं, घरी कच्चा माल नेऊन विडी करणारी बाई ही कामगारच, असं मानलं होतं; पण कायद्याचा कागद घरापर्यंत आणायला माणसं लागतात. सोलापूरलगतच्या कुंभारीजवळ माकपचे कामगार पुढारी आडम मास्तर यांच्या पुढाकारानं विडी कामगार बायांची दहा हजार घरं उभी राहिली, गोदूताई परुळेकरांच्या नावाची. २००६ साली मनमोहन सिंग त्यांच्या किल्ल्या द्यायला आले होते. त्याच कुंभारीत रे नगरची पंधरा हजार घरं २०२४ च्या जानेवारीत नरेंद्र मोदींनी दिली. दोन पक्षांचे दोन पंतप्रधान, एकाच माळरानावर, घरात बसून काम करणाऱ्या आणि असंघटित म्हणवल्या जाणाऱ्या कामगारांसाठी. यातलं राजकारण ज्याचं त्यानं बघावं. माझ्या डोळ्यांपुढं ती रांग येते.

मला रांग नाही. माझ्या टीममध्ये कोण कुठल्या गावात आहे हे मला पडद्यावरच्या दोन अक्षरांच्या गोलावरून कळत नाही. त्यांचा पगार किती, त्यांचे दावे किती लाल होतात, रात्री दहानंतर त्यांनाही मेसेज येतात की फक्त मलाच, काही कळायला मार्ग नाही. ऑफिसात असताना हे चहाच्या टपरीवर कळायचं. मानसिक आरोग्य दिनाला आम्हाला ध्यानाचं ॲप मिळालं, एक वर्ष फुकट. ध्यान चांगलंच आहे. पण बारीक आवाजातली बाई मला ‘तुमचे विचार ढगांसारखे जाऊ द्या’ म्हणते तेव्हा माझ्या मनात येतं, जाऊ देते, पण आधी सांग, बाकीच्यांना या महिन्याचा इन्सेंटिव्ह मिळाला का?

मी एचआरला मेल केली होती, २० ऑक्टोबर तुमच्या पंचांगात घ्या म्हणून. उत्तर लगेच आलं आणि सौजन्यानं भरलेलं होतं. सूचना फार सुंदर आहे, पण तो आठवडा दिवाळीच्या रांगोळी स्पर्धेला दिलेला आहे. पुढच्या वर्षासाठी नोंद घेतली आहे. त्यांचं खोटं नव्हतं. २०२५ साली २० ऑक्टोबरला नरकचतुर्दशीच होती.

मग मी अक्कांची युक्ती चोरली. ९ ऑगस्टला एक कोवर्किंग दिन असतो. २००५ साली त्या तारखेला सॅन फ्रान्सिस्कोत एका प्रोग्रॅमरनं जाहीर केलं होतं की एकट्या-एकट्यानं काम करणाऱ्यांनी एका जागेत येऊन बसावं. आपल्याकडं ९ ऑगस्ट क्रांतिदिन, म्हणजे तारीख लक्षात ठेवायला सोपी. सात रस्त्याजवळ एक बरं कॅफे आहे, वायफाय चालतं, चहा महाग आहे. ओळखीतून ओळख काढत घरून काम करणारे काही जण तिथं जमवले. एकजण बंगळूरच्या कंपनीचा कोड लिहितो, एकजण चादरी-टॉवेलच्या निर्यातदारांचे कॅटलॉग करते, एक मुलगी परदेशातल्या मुलांना गणित शिकवते, दोघी माझ्यासारख्याच दावेवाल्या. पहिला तासभर सगळे आपापल्या स्क्रीनमध्ये तोंड खुपसून बसले होते. कंपनीचं नाव सांगायलाही लोक बिचकत होते, जणू सही केलेल्या कागदाला कान आहेत. मग चहा संपला, शेंगाचटणीचा आणि कडक भाकरीचा विषय निघाला, पुण्यातल्या शेंगाचटणीला सगळ्यांनी मिळून नावं ठेवली, आणि जिभा सुटल्या.

त्या बोलण्यात सहज निघालं, की दावेवाल्यांपैकी एकीला तिची कंपनी इंटरनेटचे पैसे देते. दर महिन्याला. आमच्या दुसरीला धक्का बसला, कारण तीही त्याच कंपनीत होती, दुसऱ्या टीममध्ये. तिला असलं काही मिळतं हेच माहीत नव्हतं. पोर्टलवर ‘धोरणे’ म्हणून एक पान आहे, त्याच्या आत एक पीडीएफ, तिच्यात बाराव्या का तेराव्या पानावर ते लिहिलेलं होतं. घरी जाऊन मी माझ्या कंपनीचं पोर्टल उघडलं. आमच्याकडंही होतं. मेलवर मेल पाठवणाऱ्या एचआरनं नेमकी हीच मेल कधी पाठवलेली नव्हती.

आम्ही अर्ज केले. तिचा मंजूर झाला, मागच्या तीन महिन्यांसकट. माझा परत आला. शेरा होता, बिल कर्मचाऱ्याच्या नावावर नाही. कनेक्शन वडिलांच्या नावावर आहे, पहिल्यापासून.

अक्कांना सांगितलं तर त्या खदखदून हसल्या. ‘‘छाटात गेलं म्हण की!’’ मग सुपातली पानं सारखी करत त्यांनी विचारलं, नाव बदलायला कुणाला भेटावं लागतं. केबलवाल्याला, मी म्हटलं. तो सोमवारी येतो म्हणालाय, आधार कार्डाची झेरॉक्स काढून ठेवा म्हणून.